सुनिल्दाचं आर्जव

किल्मुएच्या खालच्या किनाऱ्यावर, रस्ता जिथे वळतो, तिथे गवतात चार दगड आहेत. दगडांच्या बाजूला पुदिना माजला आहे. आता त्याला कुणी पाणी घालत नाही. पूर्वी तिथे सुनिल्दा चिग्वायच्या स्वयंपाकघराचं दार होतं, आणि भांडी विसळलेलं पाणी ती दारातूनच त्या पुदिन्यावर भिरकावायची. मध्ये कुणी उभं असलं तर त्याच्यावरही.

जूनमध्ये, आमच्याकडच्या हिवाळ्यात, ती गेली. बसमधून उतरले की मी अजून आधी त्या दगडांकडे बघते, मग मान वर करून टेकाडावरच्या घराकडे. घर तेच, जागा दुसरी. धुराड्यातून धूर येत नाही, हे रोज नव्याने कळतं.

मी वाल्दिव्हियाहून साहित्याची पदवी घेऊन परत आले, त्या वर्षी मला शाळेत थोडेसे तास मिळाले होते. बाकीचा वेळ बसथांब्यावर जायचा. थांब्यासमोर तिचं घर. एका दुपारी खिडकी उघडली.

"ए पोरी, कुणाची तू?"

मी आईचं नाव सांगितलं.

"म्हणजे ती शिकायला गेलेली. काय शिकलीस?"

"साहित्य."

"म्हणजे गोष्टी?"

"गोष्टी, कविता, नाटकं..."

"आणि त्यासाठी समुद्र ओलांडलास? आत ये. इथे चुलीपाशी फुकट मिळतात."

मी आत गेले. त्या दिवशीची बस चुकली. पुढे पुष्कळ चुकल्या.

ती सत्तरी ओलांडलेली, मी पंचविशीची. सगळं गाव तिला मानाने दोन्या सुनिल्दा म्हणायचं. मीही तसंच सुरू केलं, 'तुम्ही' वगैरे. तिने येर्बाचा कडू चहा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही-बिम्ही नगरपालिकेत. इथे तू म्हण. नाहीतर चहा परत दे." चहा गरम होता, थंडी होती. मी 'तू' म्हणाले. तशी आमची मैत्री झाली.

तिची पहिली गोष्ट घराचीच होती. ते घर तिथलं नव्हतंच. समोरच्या बेटावरून आलं होतं. तिचा बाप मेंढ्या कातरायला पातागोनियात गेला आणि परतला नाही. बेटावर एकटीने राहणं आईला जमेना. किनाऱ्यावर तिचा भाऊ होता. मग आईने घर हलवायचं ठरवलं. आमच्याकडे घर सोडून जात नाहीत, घर घेऊन जातात.

त्यासाठी आई दारोदार फिरली. आठ वर्षांची सुनिल्दा तिचा झगा धरून मागे. प्रत्येक दारात आई तेच बोलायची.

"माझ्याकडे एक काम आहे. जड आहे. याल का?"

याला आमच्याकडे आर्जव म्हणतात. समोरचा काय काम म्हणून विचारत नाही. म्हणतो, येतो. आणि कधीकधी म्हणतो, नाही जमणार. एका म्हाताऱ्याने तसं म्हटलं होतं. त्याचं सुनिल्दाच्या बापाशी वाकडं होतं. आईने त्याचेही आभार मानले आणि पुढच्या दारात गेली.

"राग नाही आला तिला?" मी विचारलं.

"कशाचा राग? दारात नाही म्हणता येतं. ताटावर बसल्यावर नाही म्हणता येत नाही."

ठरल्या दिवशी आईने सगळ्यांना जेवू घातलं. जेवला तो बांधला गेला. मग खिडक्या-दारं काढली, घराखाली ओंडके सरकवले, बैल जुंपले आणि घर ओढत पाण्यापर्यंत नेलं. भरती आली तशी पिंपं बांधलेलं घर उचललं गेलं. होड्यांनी दोर ओढले. सुनिल्दाने आत बसायचा हट्ट धरला होता. उपड्या बादलीवर बसून, खिडकीच्या भोकातून तिने बेट लहान होताना पाहिलं.

"मी घरीच बसले होते," ती सांगायची, "आणि घर चाललं होतं."

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन. दर वेळी बादली तीच, पण समुद्र कमी-जास्त खवळायचा.

*

मग विकास आराखडा आला.

नगरपालिकेने किनाऱ्यालगत रुंद रस्ता आखला. त्याच्या कडेने पर्यटकांसाठी फिरायची जागा, आणि मागे हॉटेलांसाठी राखलेला पट्टा. आराखड्यावर खालची वस्ती फिक्या पिवळ्या रंगात होती आणि रस्ता लाल. लाल रेघ सुनिल्दाच्या चुलीवरून गेली होती. होड्या ओढून घ्यायची जागाही रेघेखाली गेली होती.

आराखडा करणारा आर्किटेक्ट लारेनास राजधानीहून, सांतियागोहून आला होता. तरुण होता, नम्र होता, नवे कोरे रबरी बूट घालायचा. वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवते.

शाळेच्या जिमखान्यात जनसुनावणी ठेवली. खालची वस्ती झाडून आली. दारातच भाजलेल्या मेंढीचा वास. नगरपालिकेने दोन मेंढ्या लावल्या होत्या, किसलेल्या बटाट्याचे जाड रोट, मिल्काओ होते, प्यायला सफरचंदाची आंबवलेली चिचा होती. आत येईल त्याच्या हातात ताट. आम्ही जेवलो. मग दिवे मालवले आणि लारेनासने पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रांत ऊन होतं. आमच्या किनाऱ्यावर एवढं ऊन मी कधी पाहिलेलं नाही.

दिवे लागले. "कुणाची हरकत? सूचना?"

सगळे गप्प.

"अगदी मोकळेपणाने बोला."

एवारिस्तोकाका माझ्या शेजारी होता. सुनिल्दाचा शेजारी, वस्तीतली शेवटची बैलजोडी त्याची. भर रस्त्यात बसचालकाशी भांडणारा माणूस. तो ताटातल्या हाडाकडे बघत होता. सुनिल्दाने हात मांडीखाली दाबून धरले होते. मी उठून दोन वाक्यं बोलले. लारेनासने विचारलं, तुम्ही खालच्या वस्तीत राहता का? मी वरच्या आळीत राहते. त्याने मान हलवून माझे आभार मानले.

'एकही हरकत नाही,' असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. लारेनासला इतका आनंद झाला की त्याने आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

परतताना मी संतापले होते. "तुम्ही सगळे गप्प का बसलात? घाबरलात?"

"घाबरायला काय झालं?" एवारिस्तोकाका म्हणाला. "अगं, मेंढी खाल्ली ना त्यांची."

पाऊस पडतोय असं सांगावं, तसं त्याने ते सांगितलं.

दुसऱ्या सकाळी मी सुनिल्दाकडे गेले. ती बटाटे किसत होती. किसणीवर असा जोर, की मला बोटांची भीती वाटली.

"मला कुणी दारात विचारलंच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"आधी दारात यायचं. काम आहे म्हणायचं. मग जेवू घालायचं. यांनी दार गाळलं. थेट ताट दिलं. आणि मी गाढवासारखी जेवले." बटाटा संपला तरी ती किसत राहिली. "मेंढी चांगली होती, हे वर."

"मग आता?"

"घर जाईल तर जाईल. पण न विचारता? आईने त्या म्हाताऱ्यालासुद्धा विचारलं होतं, जो नाही म्हणणार हे तिला ठाऊक होतं. आणि हे मला विचारणार नाहीत?"

*

आम्ही रेनाल्दो ओयार्सोकडे गेलो. तो नगरसेवक, आणि त्याचं लोखंडी सामानाचं दुकान. जन्म खालच्या वस्तीतला. तो खिळे जोखत होता.

"सुनिल्दा! ये ये. काल दिसलीस. हात का नाही वर केलास गं?"

"तुझं मटण होतं तोंडात."

तो हसला. ती हसली नाही. त्याचंही हसू हळूहळू ओसरलं.

"जेवणाची कल्पना कुणाची, रेनाल्दो?"

"पाहुणचार होता तो. लोक लांबून येतात..."

"लांबून? खालच्या वस्तीतून? माझ्या कोंबड्या येतात चालत."

"सुनिल्दा, सुनावणी झाली. मुदत संपली. आता माझ्या हातात काय आहे?"

"आत्ता? खिळे आहेत." तिने काउंटरवर हात टेकले. "सांतियागोच्या पोराला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

रेनाल्दोने खिळ्यांची पुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यावरून आम्हाला कळलं.

बाहेर पडल्यावर मी अर्ज, वकील, वर्तमानपत्र असं काहीबाही बोलत होते. तिने ऐकून घेतलं. "ते तू कर," म्हणाली. "चांगलं लिही. शिकण्यात घातलेली पाच वर्षं कुठेतरी कामी येऊ दे." मी लिहिलं. उत्तर आलं की मुदतीत हरकत न आल्याने विषय बंद झाला आहे.

तोवर सुनिल्दाने ट्रंकेतून चांगला कोट काढला होता.

खालच्या वस्तीतलं एकही दार तिने सोडलं नाही. मी बरोबर गेले. ती पायरीवर थांबायची, आत यायची नाही. "माझ्याकडे एक काम आहे. जड आहे. याल का?" किती वर्षांनी ते शब्द ऐकले म्हणून एका बाईने डोळ्याला पदर लावावा तसा ॲप्रन लावला. आता घरं कुणी ओढत नव्हतं. ट्रक आले होते.

शेवटी ती नगरपालिकेत गेली. लारेनासच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली.

"आत या ना, दोन्या सुनिल्दा."

"नको. इथूनच. आर्किटेक्ट, माझ्याकडे एक काम आहे. जड आहे. रविवारी याल का?"

"नक्की! काय, बटाटे काढायचेत का?"

"नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. राग नाही."

"छे छे, नाही कशाला? आनंदाने येईन."

मागे फाईल घेऊन रेनाल्दो उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. सुनिल्दा त्याच्याकडे वळली. तेच तीन वाक्यांत विचारलं.

"बघतो," तो म्हणाला.

जिन्यात मी म्हणाले, "तू त्याला काम काय ते सांगितलंच नाहीस."

"मी 'जड आहे' म्हटलं. 'नाही म्हण' असंही म्हटलं. याहून जास्त काय सांगू, चित्रं दाखवू?"

*

रविवारी तिच्या अंगणात खड्ड्यात कुरांतो लावला. तापवलेल्या दगडांवर शिंपल्या, मांस, बटाटे, मिल्काओ, वर नाल्काची मोठाली पानं, त्यावर मातीची ढेकळं. वाफ सगळ्या वस्तीभर. मग पानं उघडली. लहानपणी मी हा वास शेवटचा कधी घेतला होता ते आठवेना.

लारेनास नव्या बुटांनिशी आला. बसला आणि जेवायला लागला.

"दोन्या, असं मी जन्मात खाल्लं नाही!"

"मग आणखी घ्या. काम जड आहे."

तो हसला. दुसरं ताट घेतलं. आजूबाजूचे सगळे त्याच्याकडे मायेने बघत होते. तसं आम्ही बैलाकडेही बघतो.

रेनाल्दो उशिरा आला. कुंपणाशी उभा राहिला. सुनिल्दाने स्वतः ताट नेऊन दिलं. त्याने घेतलं, पण खाईना. गप्पा एकेक करून थांबल्या. लारेनास एकटा शिंपल्या फोडत होता, तेवढाच आवाज.

"काय रे रेनाल्दो," एवारिस्तोकाका म्हणाला, "मिल्काओ भाजतो का तुला?"

कुणीतरी खिदळलं. रेनाल्दो ताट ठेवून जाऊ शकला असता. फाटक त्याच्या हाताशी होतं. त्याने घराकडे पाहिलं. त्याच्या बापाचं घर याच माणसांनी वरच्या ओढ्यापलीकडून ओढून आणलं होतं. त्यात तो जन्मला.

त्याने मिल्काओ उचलला आणि खाल्ला. सावकाश, सगळा. बोटं पुसली.

सुनिल्दानेही हात पुसले. "आता काम सांगते. सुनावणी पुन्हा घ्यायची. जिमखान्यात नाही, इथे किनाऱ्यावर. ओहोटीला, पायी, एकेका दारात. आधी विचारायचं, मग रेघ मारायची. आणि त्या दिवशी मेंढी आणायची नाही."

लारेनासच्या हातातली शिंपली तशीच राहिली. "पण दोन्या... कायद्याने सुनावणी झालीय. मी कसं..."

"आर्किटेक्ट," रेनाल्दो हळूच म्हणाला, "तुम्ही खाल्लंय."

"हो, मग?"

"मग ओढायचं."

एवारिस्तोकाकाने त्याला सगळं समजावलं. घरं, बैल, दारातलं आर्जव, आणि जिमखान्यातली मेंढी. लारेनास ऐकत गेला आणि कानांपर्यंत लाल होत गेला.

"पण मला हे कुणी सांगितलंच नाही!"

"हो ना?" सुनिल्दा म्हणाली. "आम्हालाही नाही."

आधी कुणीच हसलं नाही. मग तो स्वतःच हसला, तेव्हा सगळे हसले. रेनाल्दो सोडून.

नगरपालिकेच्या सभेत रेनाल्दो उठला. मी मागच्या बाकावर होते. त्याने भाषण केलं नाही. म्हणाला, "खालच्या वस्तीला आपण जेवू घालून विचारलं. आमच्याकडे त्याला विचारणं म्हणत नाहीत. जेवणाची कल्पना माझी होती. सुनावणी रद्द करा." लारेनासने लेखी दुजोरा दिला. कुरकुर झाली, तरी ठराव पास झाला.

दुसरी सुनावणी ओहोटीच्या दुपारी झाली. पुन्हा दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या. लोक थांबेचनात. कुणाला शेवाळ वाळवायला वाळू हवी होती, कुणाला हॉटेलामागे दफनभूमीची वाट झाकली जायला नको होती. एवारिस्तोकाका होड्यांच्या जागेबद्दल इतका वेळ बोलला की भरती आली आणि लारेनासचे बूट भरले. बूट एव्हाना नवे राहिले नव्हते.

रेघ वर सरकली. हॉटेलं उतरून बुटकी झाली. होड्यांची जागा राहिली. आणि यापुढे रेघ मारण्याआधी वस्तीत येऊन विचारायचं, हा नियम नगरपालिकेने लिहून घेतला. वस्तीत त्याला 'सुनिल्दाचं दार' म्हणतात.

*

पण एका वळणावर जमेना. वरच्या अंगाची माती खचत होती. रस्त्याला तेवढ्याच तुकड्यात खाली यावं लागत होतं. तिथे फक्त एक घर होतं.

त्या दिवशी मी चुलीपाशी होते. दार वाजलं. लारेनास पायरीवर उभा, टोपी हातात, डोक्यावरून पाणी ओघळतंय.

"आत या, भिजताय," सुनिल्दा म्हणाली.

"नको. इथूनच." त्याने घसा साफ केला. "दोन्या सुनिल्दा, माझ्याकडे एक काम आहे. जड आहे."

 तिला कळलं होतं. तिने चुलीकडे पाहिलं, खिडकीकडे, समोरच्या बेटाकडे.

"नाही म्हटलं तर?"

"तर मी आभार मानून जाईन. वळण नसेल. रस्ता इथे थांबेल."

"तुमची नोकरी?"

"ते तुमचं काम नाही, दोन्या."

 मी तिच्या वतीने 'नाही' म्हणत होते, मनातल्या मनात, ओरडून. लारेनास हलला नाही. टोपीतून पाणी ठिबकत राहिलं.

"येते," सुनिल्दा म्हणाली. "आता तरी आत या. जमीन खराब केलीच आहेत दारातून."

तो गेल्यावर मी भांडले. "एवढं सगळं कशासाठी केलंस मग? घरासाठीच ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मीच काहीतरी विचित्र बोलल्यासारखी.

"घर काय गं," म्हणाली. "घर आधीही हललंय. तेव्हा आईला किती लोकांनी हो म्हटलं होतं. मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. आज विचारलं."

फेब्रुवारीत घर ओढलं. वीसेक वर्षांत वस्तीने असं काही पाहिलं नव्हतं. एवारिस्तोकाकाची बैलजोडी पुरेना, म्हणून बेटावरून बैल आणले. बाकी दोराला माणसं. रेनाल्दो पुढे. लारेनास त्याच्यामागे, आणि अर्ध्या वाटेतच त्याचे तळवे सोलले गेले. सुनिल्दाने आत बसायचा हट्ट धरला. सगळे नको म्हणाले. ती उपडी बादली घेऊन आत गेली. घर कुरकुरलं, हललं, आणि खिडकीच्या भोकातून तिचा चेहरा टेकाड चढू लागला. मी दोर धरला होता. मला तिची ती आठव्या वर्षीची गोष्ट समोर दिसत होती.

वर पोचताना बैल भलतीकडे वळले. घराचं तोंड डोंगराकडे झालं, पाठ समुद्राकडे. एवारिस्तोकाका कपाळाला हात लावून उभा.

"सत्तर वर्षं बैल हाकतोयस मेल्या," ती खिडकीतून म्हणाली, "आणि घर उलटं लावलंस?"

"परत फिरवू, दोन्या!"

"राहू दे. स्वयंपाकघरातून समुद्र दिसेल. पाहुण्यांना डोंगर बघू दे."

*

ती वर आणखी दोन हिवाळे जगली. माझ्या बसेस चुकतच राहिल्या. फक्त आता थांब्यापासून टेकाड चढावं लागायचं. ती म्हणायची, "गोष्टी महाग झाल्या बघ."

या मार्चमध्ये माझ्या घरचं दार वाजलं. ती कधी वरच्या आळीत येत नसे. बाहेर उभी होती, चांगला कोट घालून. श्वास लागला होता.

"आत ये की गं."

"नको. माझ्याकडे एक काम आहे. जड आहे. येशील?"

"येईन."

"नाही म्हणायचं तर दारात म्हण."

"येईन म्हटलं ना. काय काम?"

"असं विचारत नाहीत." ती हसली. "काय शिकवलं गं तुला तिकडे?"

रविवारी गेले. चुलीवर मेंढीचं कालवण होतं. टेबलावर चार ताटं. एवारिस्तोकाका आला, रेनाल्दो आला. चौथं ताट लारेनासचं. तो सांतियागोहून आला होता. बस, फेरी, पुन्हा बस. तिने त्याला फोन केला होता आणि फोन उचलल्यावर आधी म्हटलं होतं, "मी दारात आहे असं समजा."

आम्ही जेवलो. खूप हसलो. लारेनासने तळवे दाखवले, व्रण राहिले होते. तिने ताटं उचलायला घेतली आणि मग सांगितलं.

"डॉक्टर म्हणतो, हिवाळा निघायचा नाही. मेल्यावरच्या पेटीला कोपरे चार असतात. माणसं मला माझी निवडायची होती."

लारेनासने काटा खाली ठेवला.  एवारिस्तोकाका तेवढा चावत राहिला, कारण घास तोंडात होता आणि त्याचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

"खाल्लंय तुम्ही," सुनिल्दा म्हणाली. आणि भांड्यांचं पाणी फेकायला दार उघडलं.

जूनमध्ये आम्ही चौघे आलो. पाऊस बारीक होता. घर डोंगराकडे तोंड करून उभं, त्या दारातून आम्ही तिला बाहेर काढलं आणि टेकाड उतरलो. वळणावर, त्या चार दगडांपाशी, प्रथेप्रमाणे खांदा बदलायला थांबलो. पेटी दगडांवर टेकवली. पुदिन्याचा वास आला.

एवारिस्तोकाका पेटीवर हात ठेवून उभा होता.

"फसवलं म्हातारीने," तो म्हणाला. "जड आहे म्हणाली होती. कुठे जड आहे?"

 समोर बेट धुक्यात होतं. मग रेनाल्दोने बैलांना देतात तशी हळू हाळी दिली, आणि आम्ही उचललं.